आवतण दिलं, बोलावणं राहिलं

प्रति,
सांगली-मिरजेतल्या सरकारी, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांचे प्रमुख, डॉक्टर, परिचारिका आणि केसपेपरच्या खिडकीत बसणारे कर्मचारी,
तसेच जिल्ह्याचा आरोग्य विभाग

सप्रेम नमस्कार.

मी आटपाडी तालुक्यातल्या एका गावात औषधांचं दुकान चालवते. डी. फार्म. करून, लग्न होऊन इथं आले त्याला १९ वर्षं झाली. दुकानात येणारी वयस्कर माणसं पिशवीतून आधी फाईल काढतात, चष्मा घरी राहिल्याचं सांगतात आणि विचारतात, "ताई, डाक्टरनं परत कधी बोलवलंय, बघा की." गोळ्यांचं नंतर. तुमच्या रुग्णालयातून निघालेला कागद नव्वदएक किलोमीटर प्रवास करून येतो आणि बऱ्याचदा पहिल्यांदा नीट वाचला जातो तो माझ्या काउंटरवर. म्हणून हे पत्र.

गेल्या एप्रिलात एक तात्या आले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. म्हणाले, "डिसेंबरच्या तीन तारखेला बोलवलंय. तवर ह्याच द्या." फाईल बघितली. औषधांच्या खाली '३/१२' लिहिलेलं. डॉक्टरी लिखाणात ३/१२ म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांतले तीन महिने. २/५२ म्हणजे दोन आठवडे, ५/७ म्हणजे पाच दिवस. मला हे शिकताना कळलं, तात्यांना कोण सांगणार? त्यांना जुलैत बोलावलं होतं. ते डिसेंबरात, त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी ठरल्या दिवशी, धुतलेलं धोतर नेसून पहाटेच्या गाडीनं हजर झाले असते. आणि तोवर तुमच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढं 'आला नाही' असं लिहून पाच महिने उलटलेले असते.

पेशंट तारखेला येत नाहीत, ही तुमची तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. शिबिरांत ऐकली, रांगेत उभी असताना दाराआडून ऐकली. ती खरीच आहे. राखून ठेवलेली वेळ वाया जाते, ऑपरेशनचं टेबल रिकामं राहतं, आणि ज्याला ती वेळ मिळाली असती तो बिचारा महिनाभर मागं पडतो. पण या तक्रारीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, "लोकांना गांभीर्यच नाही." ते वाक्य मला पटत नाही. मी ज्या माणसांच्या फाईली वाचते त्यांना गांभीर्य आहे. तारीख विचारायला ती उन्हात चालत दुकानापर्यंत येतात.

आमच्याकडे जावळाचं, वास्तुशांतीचं आवतण आठ दिवस आधी जातं. त्या आवतणावर कुणी जेवायला येत नाही. कार्याच्या दिवशी पंगत बसायच्या वेळेला घरातलं एखादं पोरगं पुन्हा दारोदार फिरतं, "चला, पानं मांडलीत." हे बोलावणं. बोलावणं आलं की माणूस हातातलं काम टाकून उठतो, आणि ते पोरगं एखाद्या घराला विसरलं तर त्या घरची माणसं उपाशी बसतील पण आपणहून येणार नाहीत. यजमान मग त्यांना दोष देत नाही, स्वतः जाऊन घेऊन येतो. तुमचं आवतण फाईलवर असतं. बोलावण्याची रीत मात्र पडलेली नाही, आणि जिथं पडली आहे तिथं ते बोलावणं भलत्याच घरी जातंय. हे मी माझ्या आईच्या अनुभवावरून सांगते.

माझं माहेर खानापूरच्या घाटमाथ्यावर. तिकडं घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात. माझा भाऊ तमिळनाडूत असतो, सोनं-चांदी आटवायचं दुकान आहे. आईला साखरेचा त्रास जुना. डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालाय, लेसर करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. लेसर एका बैठकीत संपत नाही. दोन बैठका झाल्या, तिसरी महिन्याने होती. खिडकीवर मोबाईल नंबर विचारला तेव्हा आईनं पाठ असलेला एकच नंबर सांगितला, भावाचा. ठरल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी भावाच्या फोनवर तमिळनाडूत एक इंग्रजी मेसेज गेला. 'डिअर पेशंट' अशी सुरुवात. आईचं नाव त्यात नव्हतं, गावाचं नव्हतं, पाठवणाऱ्याच्या जागी सहा इंग्रजी अक्षरं. त्याला रोज असे वीस मेसेज येतात. कर्ज घ्या, विमा घ्या, तपासणी करून घ्या. त्याला तो जाहिरातीचाच एक वाटला.

मला समजलं तेव्हा दोन महिने झाले होते. मी दुसऱ्यांच्या तारखा वाचत होते आणि आईची फाईल माहेरी ट्रंकेत होती. मी म्हटलं, उद्याच्या उद्या जाऊ. आई म्हणाली, "आता कुठल्या तोंडानं जाऊ? डाक्टर वरडत्यात. त्या दिवशी त्या बाईला सगळ्यांम्होरं कसं बोलली बघितलंय मी." रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका बाईला कुणीतरी विचारलं होतं, एवढे दिवस झोपला होतात का? ते वाक्य आईला उद्देशून नव्हतं. पण आईनं ते घरी आणलं आणि जपून ठेवलं. पुढच्या महिन्यात जाऊ, हळदीची काढणी उरकू दे, कारखान्याचं बिल येऊ दे, असं करत आणखी पाच महिने गेले. एके सकाळी उजव्या डोळ्यासमोर काळी जाळी आली. आत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं. आज त्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, माणूस ओळखता येत नाही.

मी कुणा रुग्णालयाचं नाव घेत नाही. तिथल्या डॉक्टरांनी हात लावला तेवढं काम चोख केलं आणि आईही ते मानते. मला दुखतं ते एवढंच की मधुमेहाच्या त्या आजारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. सुई ओवता येत असते तोपर्यंत आत बिघाड चालू असतो. दाढ दुखली की ती स्वतःच रात्रभर आठवण करून देते. रक्तदाब, साखर, काचबिंदू यांना आवाज नाही. क्षयरोगाचं तसंच. उपचार सहा महिन्यांचा, आणि दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस चढतं. बरं वाटणाऱ्या माणसाला पुढचे चार महिने कोण आठवण देणार? आजार देत नाही, मग ती बाहेरून यावी लागते.

आठवण दिली तर फरक पडतो का, अशी शंका काही डॉक्टर बोलून दाखवतात. याचा अभ्यास झालेला आहे. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या जागतिक संस्थेनं २०१३ मध्ये आठ चाचण्यांचा आढावा घेतला होता, साडेसहा हजारांवर माणसं होती. ज्यांना काहीच आठवण दिली नाही त्यांच्यात १०० पैकी ६८ जण तारखेला आले. मोबाईलवर मेसेज गेला त्यांच्यात ७९. माणसानं फोन केला त्यांच्यात ८०. म्हणजे मेसेज जवळजवळ फोनइतकाच उपयोगी आणि खर्चाला हलका. लंडनमधल्या सरकारी रुग्णालयांतला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं मेसेजमध्ये, तुम्ही आला नाहीत तर सरकारी सेवेला अमुक पौंडांचा भुर्दंड पडतो, असं लिहून पाहिलं, आणि न येणाऱ्यांचं प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आलं. हा मजकूर आपल्याकडं जसाच्या तसा आणू नये असं मला वाटतं. खर्चाचा आकडा वाचला की आमच्याकडची बाई घाबरेल आणि तो आपल्याकडून वसूल करणार असं समजून कायमची घरी बसेल. पण शब्द बदलल्यानं माणूस येतो की राहतो हे बदलतं, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

आता त्या मेसेजच्या शब्दांविषयी. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. त्यापुढं गेलं की एका मेसेजचे दोन होतात आणि बिलही दुप्पट. म्हणून इंग्रजी पाठवलं जातं, असं मला एका संगणक चालवणाऱ्या मुलानं सांगितलं. मी कागद-पेन घेऊन बसले. "बुधवार १२ तारीख, सकाळी १०. फाईल आणा. जमत नसल्यास फोन करा." हे सगळं मोजून ५७ भरतं. पुढं रुग्णालयाचं किंवा पेशंटचं नाव लिहायला बारा-तेरा अक्षरं उरतात. दोन्ही नावं बसवायची तर दोन मेसेजचे पैसे पडतील, आणि माझं म्हणणं आहे की ते पडू द्यावेत. एका रिकाम्या गेलेल्या ऑपरेशनच्या वेळेपुढं ते किती? वार मात्र आधी लिहा. आमच्याकडची माणसं दिवस वारानं धरतात, बाजाराच्या अलीकडचा का पलीकडचा, एवढं कळलं की पुरतं.

आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आवाज हवा. गरोदर बायकांसाठी सरकारची किलकारी सेवा आहे. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत ध्वनिमुद्रित ७२ संदेश फोनवर ऐकवले जातात. २०१६ मध्ये देशात सुरू झालेली ही सेवा २०२४ मध्ये महाराष्ट्रातही आली. गरोदर बाईला फोनवरून सांगता येतं, तर मोतीबिंदूच्या म्हातारीला का सांगू नये? फक्त फोन अनोळखी नंबरावरून आला की लोक हल्ली उचलत नाहीत. फसवणुकीच्या इतक्या गोष्टी कानावर आल्यात की बँकेचाही फोन कट करतात. त्यावर सोपा उपाय असा की पहिल्याच भेटीत, केसपेपर काढताना, "आमचा फोन ह्या नंबरावरून येईल, आम्ही कधी पैसे मागणार नाही, ओटीपी मागणार नाही," असं सांगून तो नंबर तिथंच त्यांच्या फोनमध्ये दवाखान्याच्या नावानं साठवून द्यावा. दोन मिनिटं लागतात. जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांना तो फोन कन्नडमधून गेला पाहिजे, हे तुम्हाला सांगायला नको.

खिडकीवर नंबर विचारता तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: हा फोन कुणाचा? आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळचा मुलगा गलाईला परराज्यात असतो, कुणाचा पुण्याला कंपनीत. कधी तर ज्याच्या जीपमधून आले त्या जीपवाल्याचा नंबर लिहिलेला मी पाहिला आहे. एक नंबर गावात राहणाऱ्याचा घ्या आणि एक पैसे पाठवणाऱ्याचा. दोघांना कळलं पाहिजे. सोबत येणारा एक असतो आणि खर्च करणारा दुसरा.

वेळेचं सांगते. आदल्या संध्याकाळी आलेली आठवण ज्याचं घर रुग्णालयापासून दोन गल्ल्या पलीकडं आहे त्याच्या कामाची. आमच्याकडून निघायचं तर पहाटेची गाडी, विटा किंवा तासगाव करत अडीच-तीन तास. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीचं तिकीट अर्धं झालं, फार मोठी सोय झाली, पण वेळ तेवढाच लागतो. त्याआधी जनावरांच्या धारा काढायला कुणाला तरी सांगून ठेवायचं, डाळिंबाची फवारणी पुढं-मागं करायची, लेकाकडून पैसे मागवायचे, सोबतीला पुतण्याची सुट्टी बघायची. यासाठी आठ दिवस लागतात. म्हणून दोन वेळा सांगावं लागेल. आठ दिवस आधी एकदा, म्हणजे तयारी होते, आणि आदल्या दिवशी पुन्हा, म्हणजे उपाशी यायचं की खाऊन, कुठली गोळी बंद ठेवायची, जुने रिपोर्ट आणायचे का, हे ताजं राहतं. ऑपरेशनला आलेला माणूस चहा-बिस्कीट खाऊन आला म्हणून परत पाठवलेला मी बघितलाय. तो तारखेला आला होता. त्याला काय करून यायचं हे सांगायचं राहिलं होतं.

तारीख देतानाच समोरच्या माणसाला एकदा विचारलं तर निम्मी कामं होतील. पौष महिन्यात खरसुंडीची यात्रा असते, आषाढात बेंदूर आणि वारी, दिवाळीनंतर उसाच्या टोळ्या बाहेर पडतात, पावसाळा सरला की मेंढरं चारणीला निघतात. अमावास्येला ऑपरेशनला कुणी यायचं नाही. ही समजूत मला पटो न पटो, ती आहे. संगणकानं नव्वद दिवस मोजून काढलेली तारीख अमावास्येला आली की ती तिथंच गेली म्हणून समजा. त्याच्याच हातून, नाहीतर सोबत्याच्या हातून ती तारीख कागदावर लिहून घ्या. स्वतः लिहिलेली तारीख माणूस जास्त पाळतो, हेही इंग्लंडमध्ये करून पाहिलेलं आहे.

पण तारीख पाळण्याचं बंधन एका बाजूचं नसावं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका काकींना मी आठवण करून, गाडीत बसवून पाठवलं. त्यांचा मुलगा दिवसाचा रोज बुडवून सोबत गेला. पोचल्यावर कळलं, ते डॉक्टर परिषदेला गेलेत, पुढच्या मंगळवारी या. डॉक्टरांनाही रजा लागते, शिकायला जावं लागतं, याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण ती रजा आधी ठरली असणार आणि त्या दिवशी ज्यांना बोलावलं होतं त्यांचे नंबर तुमच्याकडं होते. काकी पुढच्या मंगळवारी गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू सांगतीस खरं, पर त्यास्नी तरी म्हाईत असतंय का?" त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आठवण देणारी यंत्रणा उभी करणार असाल तर पहिला फोन तुमच्याकडून तारीख बदलल्याचा जाऊ द्या. लोकांचा विश्वास त्या फोनवर बसेल.

तसंच, जमत नाही हे सांगायची वाट ठेवा. घरात मयत झाली, पाऊस लागला, पोर आजारी पडलं. आज कुणाला कळवायचं? केसपेपरवर छापलेला फोन वाजत राहतो. कळवता येत नाही म्हणून माणूस नुसताच राहतो, आणि राहिला की आईसारखा लाजतो. चुकलेली एक तारीख मोठी गोष्ट नाही, पुढच्या आठवड्यात भरून निघते. त्या एका चुकण्यामागं जी लाज येते ती माणसाला वर्षभर घरी बसवते. म्हणून माझी सगळ्यात कळकळीची विनंती यंत्राबद्दल नाहीच. उशिरा आलेल्या पेशंटला खिडकीवर, टेबलावर, तपासणीच्या खोलीत जे पहिलं वाक्य ऐकू येतं, ते बदला. "एवढे दिवस कुठे होता?" याऐवजी "आलात, बरं झालं." कारण नंतर विचारा, जरूर विचारा, लिहूनही ठेवा. तुम्ही दिवसाला दीडशे माणसं बघता, पाय दुखतात, जेवायला वेळ मिळत नाही, हे मी जाणून आहे. तरीही विनंती करते.

एक काळजी घ्या. घरात फोन एक असतो आणि तो पोरांच्या हातात असतो. मेसेजात आजाराचं नाव, विभागाचं नाव नको. माझ्या काउंटरवर एका मुलानं आजोबांचा मेसेज चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवला, आणि आजोबांनी मान खाली घातली. क्षयरोग, मनाचे आजार, एचआयव्ही, बायकांच्या तपासण्या, यांत एक शब्द जास्त गेला तर संसार मोडतो. 'तपासणी' एवढा शब्द पुरे.

कुणी म्हणेल, हे काम आशाताई करतातच. करतात. २००५ पासून गावोगाव त्यांनीच बोलावणं केलंय. लसीकरणाच्या आदल्या दिवशी यादी घेऊन घरोघर जाणारी आशा ही या देशातली सगळ्यात चांगली आठवण आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते, हे आज आमच्या गावात सासवांनाही पाठ आहे, आणि ते आशाताईंमुळे आणि तारीख न बदलल्यामुळे. करोनात दुसऱ्या डोसचे ८४ दिवस लोकांनी मोजले, कारण फोनवर मेसेज होता, ग्रामपंचायतीचा भोंगा होता आणि दारात आशाताई होती. पण त्यांना मिळणारा मोबदला बराचसा कामागणिक. मिरजेच्या, सांगलीच्या पेशंटांच्या तारखा त्यांच्या डोक्यावर फुकटात टाकू नका. काम द्यायचं तर त्याचा दरही ठरवा.

शेजारी साताऱ्यात बघा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या महाराष्ट्रातल्या पहिल्या टप्प्यात तो जिल्हा होता. त्या उपक्रमाची पद्धत साधी. रुग्णाची नोंद फोनवरच्या ॲपमध्ये होते, ठरल्या दिवशी तो आला नाही की त्याचं नाव वेगळ्या यादीत चढतं, आणि परिचारिका त्या यादीवरून फोन लावते. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती न आलेल्यांची यादी. तुमच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात संध्याकाळी आलेल्यांची बेरीज होते. न आलेल्यांची नावं कुणी वाचत नाही. ती वाचायला एक माणूस, एक फोन आणि दिवसाचे दोन तास द्या. सगळे आजार एकदम घेऊ नका. मधुमेहाचे डोळे, रक्तदाब आणि क्षयरोग, एवढ्या तीन वह्या आधी करा. पैसे, माणूस कमी असेल तर औषध दुकानदारांना विचारा. गावागावात आम्ही आहोत, महिन्याला गोळ्या न्यायला ती माणसं आमच्याकडं येतातच. पेशंटची संमती घेऊन तारीख आम्हाला कळवली तर पुडीवर लिहून देऊ.

मी स्वतः सुरुवात केली आहे. आईचं ऑपरेशन झाल्यापासून दुकानात एक वही ठेवली आहे. ज्याला वाटेल तो नाव आणि तारीख लिहितो, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात मी त्या चौकोनात फक्त आद्याक्षर टाकते. आठ दिवस आधी एक फोन, आदल्या दिवशी एक. काहीजण फोन घेतात आणि म्हणतात, "आठवण हाय ताई, पर पैशाचं जमंना." तेव्हा कळतं की विसरणं हे कारणच नव्हतं. मग दुसरी तारीख हवी, जवळचं केंद्र हवं, नाहीतर योजनेचा कागद हवा. फोन केला नसता तर मीही त्यांना विसराळू समजले असते.

येत्या बुधवारच्या चौकोनात चार अक्षरं आहेत. त्यातलं एक माझ्या आईचं. डाव्या डोळ्याची तपासणी आहे, तो अजून शाबूत आहे. सोबत मी जाणार, दुकान दिवसभर बंद राहील, गाडी पहाटे पावणेसहाची. रुग्णालयात फोन लावते आहे, अजून कुणी उचललेला नाही. त्या दिवशी पडद्याचे डॉक्टर बसणार आहेत का, एवढं मंगळवारपर्यंत कुणीतरी कळवा.

आपली,
एक औषध दुकानदार
आटपाडी तालुका, जि. सांगली